जुने वकील फाईल आणि ना हरकत देत नाहीत, तारीख १८ दिवसांवर. काय करावं?

नीराकाठ

नमस्कार. आई आणि मावशीने मिळून त्यांच्या भावाविरुद्ध आजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा लावला आहे. तालुक्याचं कोर्ट, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, २०२१ चा दावा. आई वादी क्र. १, मावशी वादी क्र. २, दोघींचे वकील एकच. आईचं सरतपासणीचं शपथपत्र (तिची लेखी साक्ष) दाखल झालंय, उलटतपासणी (त्यावर विरुद्ध वकिलांचे प्रश्न) बाकी आहे. मागच्या सहापैकी चार तारखांना वकीलसाहेब आले नाहीत आणि तसं आधी कळवलंही नाही.

ठरलेली फी ६०,००० रुपये पूर्ण दिली आहे. ४५,००० गुगल पे ने, १५,००० रोख, रोखीची पावती नाही. आता दुसरे वकील करायचं ठरवलं, तर जुने म्हणतात आणखी ४०,००० द्या, मगच फाईल आणि ना हरकत मिळेल. आजोबांच्या नावचं १९७२ चं मूळ खरेदीखतही त्यांच्याकडेच आहे. मावशी म्हणते, मी आहे त्याच वकिलांकडे राहणार.

फाईल अशी अडवून ठेवता येते का? ना हरकत नसेल तर नवे वकील उभे राहू शकतात का? आणि तारखेच्या आत नेमकं काय काय करायचं?

रोजनामा

आधी तारीख सांभाळा, फाईलचं भांडण नंतर. उलटतपासणीच्या तारखेला वादी आणि वकील दोघे गैरहजर राहिले तर कोर्ट "वादीचा पुरावा बंद" असा आदेश करू शकतं किंवा दावाच गैरहजेरीत काढून टाकू शकतं. काढून टाकलेला दावा पुन्हा सुरू करून घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली अर्ज करावा लागतो, त्याची मुदत ३० दिवस. पुढे विलंब माफीचा अर्ज, त्याला विरुद्ध बाजूचं म्हणणं, त्यात सहा महिने सहज जातात. त्यामुळे काहीही झालं तरी आईने त्या तारखेला स्वतः कोर्टात हजर राहायचं. पुकारा झाला की पुढे जाऊन "वादी क्रमांक एक हजर आहे" म्हणायचं आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) हजेरी लिहिली गेली का ते बघायचं.

फाईलबद्दल कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात सांगितलं की फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. त्या प्रकरणात भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ९७,१०० रुपये बाकी आहेत म्हणून फाईली दिल्या नव्हत्या. आमचा त्या कागदांवर धारणाधिकार (पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क) आहे, असा त्यांनी करार कायद्याच्या कलम १७१ चा आधार घेतला. न्यायालय म्हणालं, खटल्याचे कागद म्हणजे विकून पैसे वसूल करता येईल असा माल नव्हे. फी हवी तर दावा लावा, कागद मात्र परत करा, कारण ते अडवले तर पक्षकाराचा खटलाच बुडतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) त्या वकिलांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, १८ महिने निलंबित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करून ताकिदीवर आणली, कारण तोवर कायदा इतका स्पष्ट झालेला नव्हता. आज ती सबब कोणाला चालणार नाही.

आता कामाचं. ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर (दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, १६ अक्षरं-आकडे) टाकून सगळ्या तारखा आणि आदेश उतरवून घ्या. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून दावा, कैफियत (विरुद्ध बाजूचं लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, आईचं शपथपत्र, दोन्ही बाजूंच्या दस्तऐवज याद्या आणि पूर्ण रोजनामा यांच्या खऱ्या नकला मागा. अर्जावर "तातडीची" लिहा, त्याची जास्तीची फी लागते. पक्षकार म्हणून आईला रेकॉर्ड बघायचाही अधिकार आहे, पाहणीचा अर्ज वेगळा असतो. नव्या वकिलांना सोबत नेऊन एकदा मूळ रेकॉर्ड चाळून घ्या. सात-बारा आणि फेरफार तलाठी कार्यालयातून, खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते. लोक समजतात फाईल गेली म्हणजे खटला गेला. खरं तर फाईलमधलं बहुतेक सगळं कोर्टाच्या कपाटात आहेच.

सोबत जुन्या वकिलांना आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोच पावतीसह पत्र पाठवा की तुमचं वकीलपत्र (आमच्या वतीने उभं राहायचा लेखी अधिकार) रद्द केलं आहे, सात दिवसांत फाईल द्या.

काळा_कोट

वरचं जवळजवळ सगळं बरोबर आहे. शेवटची ओळ मात्र आहे तशी करू नका.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे वकीलपत्र पक्षकाराच्या नुसत्या पत्राने रद्द होत नाही. कोर्टाच्या परवानगीने, सही करून, लेखी रद्द करून ते कोर्टात दाखल व्हावं लागतं. तोवर कोर्टाच्या लेखी जुनेच वकील. आता "रद्द केलं" असं पत्र आधी गेलं की जुने म्हणणार मला काढून टाकलंय, आणि नव्यांचं वकीलपत्र अजून घेतलेलं नसतं. मधली तारीख कोणाचीच नाही. पुरावा बंदचे आदेश बहुतेक अशाच फटीत होतात. काही वेळा जुने वकील त्याच रागात "नो इन्स्ट्रक्शन"ची पुरसीस (पक्षकाराकडून सूचना नाहीत असं कोर्टाला लेखी निवेदन) देऊन मोकळे होतात. खरं तर अशी पुरसीस आली तर कोर्टाने पक्षकाराला नोटीस काढायला हवी, सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मलकियत सिंग प्रकरणात ते सांगितलं आहे. पण ते अपिलात सिद्ध करत बसण्यापेक्षा फट पडू न देणं बरं.

म्हणून पत्रात लिहा: "मी वकील बदलत आहे. पुढील तारखेस आपण लेखी ना हरकत द्यावी. कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत आपण काम पाहावे."

ना हरकतीचं म्हणाल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम ३९ आहे. आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने त्याच पक्षकाराकडून उभं राहू नये. पण त्याच नियमात पुढे वाट दिली आहे: संमती मिळत नसेल तर का मिळत नाही ते सांगून कोर्टाकडे अर्ज करावा आणि परवानगीने उभं राहावं. फी बाकी असल्याचा वाद हे परवानगी नाकारण्याचं कारण नाही. अर्ज साधा, एक पानी:

"मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे न्यायालयात. रे. मु. नं. …/२०२१. वादी क्र. १ तर्फे वकील बदलण्यास परवानगी मिळणेबाबत अर्ज. वादी क्र. १ यांनी पूर्वीचे वकील यांना दि. … रोजी नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवून ना हरकत मागितली. पत्र दि. … रोजी पोचले. आजतागायत ना हरकत मिळालेली नाही. सबब पूर्वीचे वकीलपत्र रद्द करण्यास व सोबतचे नवीन वकीलपत्र दाखल करून घेण्यास परवानगी असावी."

सोबत पत्राची प्रत, पोस्टाची पावती, पोच आणि नवं वकीलपत्र. वकीलपत्रावर कोर्ट फी आणि वेल्फेअर फंडाचं तिकीट विसरू नका. तिकिटाच्या त्रुटीवरून वकीलपत्र परत येतं आणि एक तारीख वाया जाते. अर्ज तारखेच्या दिवसापर्यंत ठेवू नका. चार-पाच दिवस आधी, त्या दिवशीच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घेण्याची विनंती करून द्या, म्हणजे नव्या वकिलांना शपथपत्र वाचायला वेळ मिळेल. परवानगी त्याच दिवशी मिळून लगेच उलटतपासणी सुरू झाली तर आईला कोणीच तयार केलेलं नसेल.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. चार तारखांना न येणं आणि न कळवणं चूकच. पण त्यांनी दावा मसुदा करून लावला, मुद्दे निघाले, शपथपत्र दाखल केलं. तेवढ्या कामाची फी त्यांची आहे. नियम १२ सांगतो की वकील स्वतः काम सोडत असेल तर न कमावलेला भाग परत करायचा. तुम्ही काढत असाल तर शांतपणे हिशेब मागा. नियम २५ ते ३० खाली पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं, फी किती आणि खर्चासाठी किती हे वेगळं दाखवणं आणि मागितल्यावर हिशेबाची प्रत देणं वकिलावर बंधनकारक आहे. हे जास्तीचे ४०,००० कशाचे, ते त्यांना लेखी विचारा. कोर्ट फी, कमिशनर, मोजणी यांचा खर्च त्यात असेल तर पावत्या दिसतील.

आणि नव्या वकिलांनी पहिला फोन जुन्या वकिलांना करावा. दहापैकी बऱ्याच प्रकरणांत त्या एका फोनवर ना हरकत मिळते. पक्षकाराला जे देत नाहीत ते वकिलाला देतात.

नीराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पत्राचा मसुदा बदलला. आई म्हणते २०२१ मध्ये वकीलपत्राबरोबर आणखी एका कागदावर सही घेतली होती, निकाल लागला की आईच्या हिश्शाच्या किमतीच्या ८ टक्के द्यायचे असं त्यात आहे. शिवाय दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, "पुढे अर्जाला लागतील" म्हणून. ४०,००० त्या ८ टक्क्यांपोटी आहेत असं ते आता सांगतात. यावर ग्राहक मंचात जाता येईल का? की बार कौन्सिल?

तराजू

ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालात सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. वकील पक्षकाराच्या थेट नियंत्रणाखाली, त्याने दिलेल्या अधिकारात काम करतो, ती वैयक्तिक सेवेच्या करारासारखी आहे, असं कारण दिलं. तिकडे पैसे घालवू नका.

८ टक्क्यांचा कागद हा तुमच्या हातातला सगळ्यात मजबूत पुरावा आहे. बार कौन्सिलच्या नियमांतला नियम २० सरळ मनाई करतो: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, निकालातून मिळणाऱ्या गोष्टीत वाटा घ्यायचा नाही. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या रकमेच्या टक्केवारीने फी मागणं व्यावसायिक नीतीविरुद्ध म्हटलं. असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून करार कायद्याच्या कलम २३ खाली बाद ठरतो, त्यावर वसुली होत नाही. हे नियम का आहेत ते समजून घ्या. वकिलाचा जमिनीत वाटा असला की तडजोड कधी करायची, केव्हा लढायचं हा सल्ला तो स्वतःच्या टक्क्याकडे बघून देणार. अपघात नुकसानभरपाई आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत टक्केवारी सर्रास चालते म्हणून लोकांना ती कायदेशीर वाटते. ती तशी नाही.

तुमच्याकडे त्या कागदाची प्रत आहे का? नसेल तर वकिलांशी व्हॉट्सअॅपवर बोलताना "८ टक्क्यांच्या हिशेबाने ४०,००० कसे आले ते कळवा" एवढंच विचारा. उत्तर येईल ते जपून ठेवा. भांडू नका, लांब लिहू नका.

तक्रार करायची ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई यांच्याकडे. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह असावी लागते, मराठीत चालते. ठरलेली फी भरावी लागते. वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक (वकीलपत्रावर शिक्क्यात असतो) अचूक लिहा. मग तारीखवार घटना लिहा, प्रत्येक घटनेला एक कागद जोडा: चार तारखांच्या गैरहजेरीसाठी रोजनाम्याची खरी नक्कल, पैशासाठी बँकेचं स्टेटमेंट, फाईल मागितल्याचं पत्र आणि त्याची पोच. व्हॉट्सअॅपच्या प्रिंटला २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. रोखीच्या १५,००० ला पुरावा नाही, म्हणून तो मुद्दा वेगळ्या परिच्छेदात ठेवा. तो पडला तरी बाकीची तक्रार उभी राहिली पाहिजे.

कौन्सिलला आधी वाटावं लागतं की गैरवर्तनाचा विश्वास ठेवण्याजोगा आधार आहे. तसं वाटलं तर अ‍ॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नाव कायमचं काढू शकते. एका वर्षात निकाल झाला नाही तर कलम ३६ ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. राज्याच्या समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत तिथे अपील, त्यावर पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.

तक्रारी कशा पडतात तेही सांगतो. पुरावा जवळजवळ फौजदारी खटल्यासारखा कडक लागतो. "वकील विरुद्ध पक्षाला फितूर झाले" असं एक वाक्य कागदाशिवाय घातलं की तुमच्या खऱ्या चार मुद्द्यांचंही वजन जातं. दावा हरला म्हणून, किंवा वकिलाने चुकीचा मुद्दा मांडला म्हणून केलेली तक्रार टिकत नाही. कामातला निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांत फरक आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलावर केलेली तक्रार तर सहसा उभीच राहत नाही, तुमचं आणि त्याचं व्यावसायिक नातंच नसतं. आणखी एक, तक्रार दबावासाठी करून पैसे परत मिळाले की मागे घेऊ असा विचार असेल तर तो सोडा. फक्त तडजोड झाली म्हणून चौकशी बंद करता येत नाही. आणि पैसे मिळवून देणं हे समितीचं काम नाही, त्यासाठी दिवाणी दावाच.

काळा_कोट

कोऱ्या कागदांचं आधी निस्तरा, तक्रार नंतरही होईल. त्या पत्रातच एक परिच्छेद घाला: "दि. … च्या सुमारास माझ्या सह्यांचे दोन कोरे कागद आपल्याकडे आहेत. त्यांचा कोणताही उपयोग करू नये, ते परत करावेत." पुढे त्यावर एखादी पुरसीस किंवा तडजोड उगवली तर हे पत्र आधीच्या तारखेचं आहे, हेच आईचं संरक्षण.

वकीलपत्राचा छापील मजकूर नीट वाचा. बऱ्याच छापील नमुन्यांत "तडजोड करणे, दावा काढून घेणे, रक्कम उचलणे" हे सगळं बारीक अक्षरात असतं. हिमालयन को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीच्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पक्षकाराचा हक्क सोडून देणारी कबुली किंवा तडजोड वकिलाने पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय करू नये. नव्या वकीलपत्रात तडजोडीचं वाक्य काट मारून त्यावर आद्याक्षरं करा. चांगला वकील त्याला हरकत घेणार नाही.

नव्या वकिलांशी फी टप्प्याने ठरवा, टप्पे लिहून: उलटतपासणी, बाकीचे साक्षीदार, युक्तिवाद, निकालानंतरची वाटपाची कारवाई. प्रत्येक वेळी पावती किंवा बँकेतून. मूळ कागद दिला की "मूळ" असं लिहून पोच घ्या. कोणाला पैशाची अडचण असेल तर महिलांना उत्पन्नाची अट नसताना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, तालुका समितीचं कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं.

नीराकाठ

शेवटचा प्रश्न. मावशी त्याच वकिलांकडे राहिली तर मूळ खरेदीखत कोणाकडे? ते म्हणतील दुसऱ्या वादीचंही आहे.

रोजनामा

म्हणतील, आणि ते म्हणणं पूर्ण चुकीचंही नाही. ते मूळ कोणाच्याच घरी नको, ते कोर्टात जायला हवं.

आधी दस्तऐवज यादी बघा. खरेदीखताची झेरॉक्स दाखल आहे की मूळ? मूळ दाखल असेल आणि त्याला निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडली असेल तर ते कोर्टाच्या ताब्यात आहे, जुन्या वकिलांकडे नाहीच, आणि वाद संपला. झेरॉक्सच असेल तर नव्या वकिलांनी अर्ज द्यावा की मूळ दस्तऐवज वादींच्या पूर्वीच्या वकिलांकडे आहे, त्यांना ते कोर्टात हजर करायला सांगावं. दोन्ही वादींचं हित त्यात सारखंच असल्याने मावशीनेही सही केली तर उत्तम, तिला वकील बदलायची गरज नाही. दाखल करायला आता उशीर झालाय म्हणून आदेश ७ नियम १४(३) खाली परवानगी मागावी लागेल.

मूळच्या मागे लागा म्हणतोय त्याला कारण आहे. दस्त ५० वर्षांपेक्षा जुना आहे. तीस वर्षांवरचा दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या मानता येतात, साक्षीदार हयात नसले तरी. पण हे गृहीतक मूळ दस्ताला लागतं, झेरॉक्सला नाही. दावा २०२१ चा, १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून या दाव्यात १८७२ चा जुनाच पुरावा कायदा लागेल, त्याचं कलम ९०. मूळ मिळालंच नाही तर दुय्यम निबंधकांची प्रमाणित प्रत कलम ६५ खाली द्यायची. त्याआधी मूळ ज्यांच्याकडे आहे त्यांना कलम ६६ ची नोटीस गेलेली असावी, नाहीतर प्रतीला निशाणी पडतानाच विरुद्ध बाजू हरकत घेईल.

मावशीचं आणि आईचं पुढे हिश्शावरून वेगळं पडलं, तर मात्र जुन्या वकिलांना मावशीच्या बाजूने आईविरुद्ध उभं राहता येणार नाही. त्यांनी आईचं काम याच दाव्यात पाहिलंय, बार कौन्सिलचा नियम ३३ आड येतो. मावशीला हे आत्ताच सांगून ठेवा, आणि नकलांचा अर्ज उद्या सकाळी द्या. नक्कल विभागात चार-सहा दिवस जातात.